चहा प्यायला थांबलो, की चहा प्यायचा थांबलो?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी भोर तालुक्यातल्या किकवीला थांबली. माणसं उतरली, चहा घेतला आणि गाडी सारोळ्याला नीरा ओलांडून शिरवळकडे गेली. एवढी साधी गोष्ट इंग्रजीत लिहिताना 'वुई स्टॉप्ड ड्रिंकिंग टी ॲट किकवी' असं लिहिलं, तर वाचणारा समजतो की या मंडळींनी किकवीला चहा सोडला! हवं होतं ते 'वुई स्टॉप्ड टु ड्रिंक टी'.

'टु ड्रिंक' हे इन्फिनिटिव्ह. 'ड्रिंकिंग' हे नामासारखं वापरलेलं रूप, म्हणजे जेरंड. यांतलं कोणतं कुठे वापरायचं, याची धास्ती मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी जणांच्या मनात असते आणि तिचं खापर मातृभाषेवर फुटतं. मराठीत हा फरकच नाही, मग आम्हाला तो कळणार कसा, असं म्हणतात. हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. फरक मराठीत आहे, आणि काही ठिकाणी तर इंग्रजीपेक्षा जास्त उघड आहे.

'चहा प्यायला थांबलो' आणि 'चहा प्यायचा थांबलो' या दोन वाक्यांत किकवीतलं शाळकरी पोरही गल्लत करणार नाही. तसंच 'कुलूप लावायचं लक्षात ठेव' यात काम अजून व्हायचं आहे, म्हणून 'रिमेंबर टु लॉक'. 'कुलूप लावल्याचं आठवतंय' यात काम होऊन गेलं आहे, म्हणून 'आय रिमेंबर लॉकिंग'. मराठीतलं 'लावायचं' आणि 'लावल्याचं' हेच उत्तर हातात ठेवतं. आणखी एक जोडी बघा. विहिरीवरची मोटर 'सुरू करायचा प्रयत्न केला', पण जमलं नाही: 'ट्राइड टु स्टार्ट'. मग 'फ्यूज बदलून पाहिला': 'ट्राइड चेंजिंग द फ्यूज'. 'करायचा प्रयत्न' आणि 'करून पाहणं' यांतलं अंतर आपण रोज बोलतो. फक्त इंग्रजीच्या तासाला ते कुणी दाखवत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हे साम्य अगदीच योगायोगाचं नाही. इंग्रजीतला हा 'टु' मुळात दिशा दाखवणारा शब्द. प्राचीन इंग्रजीत तो क्रियापदाच्या चतुर्थीसारख्या रूपाआधी येई. आपल्या 'प्यायला'मधला 'ला' तरी कोणता? 'पुण्याला'मधला तोच. दोन्ही भाषांनी पुढच्या कामाकडे बोट दाखवायला 'कडे' या अर्थाचं साधन निवडलं. 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस' यांच्यानंतर 'टु' येतो, कारण ही सगळी पुढे बघणारी क्रियापदं आहेत.

पण इथेच दुसरा गैरसमज डोकावतो: 'आयला' दिसलं की 'टु', 'णं' दिसलं की 'आयएनजी'. असं यंत्रासारखं चालत नाही. 'मला इथे राहायला मजा येते' याचं इंग्रजी 'आय एन्जॉय लिव्हिंग हिअर' असंच होतं; 'एन्जॉय टु लिव्ह' चूक. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश', 'माइंड', 'सजेस्ट' ही क्रियापदं 'आयएनजी'च मागतात. ती पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही. 'लाइक' आणि 'स्टार्ट' मात्र दोन्ही चालवून घेतात. 'इट स्टार्टेड टु रेन' आणि 'इट स्टार्टेड रेनिंग' यांतलं एक चुकीचं ठरवून खोडणारी लाल शाई वाया जाते.

'साठी' दिसलं की 'फॉर', हीसुद्धा सवय मोडायला हवी. 'मी शिकण्यासाठी आलो' म्हणजे 'आय केम टु लर्न'. 'फॉर लर्निंग' नको. वस्तूचा उपयोग सांगताना मात्र 'फॉर' शोभतो: 'धिस मशीन इज यूज्ड फॉर कटिंग'.

'आयएनजी म्हणजे चालू काळ' हे समीकरण तर पहिल्या काही इयत्तांतच डोक्यात बसतं. पण ते पुरतं खरं नाही. प्राचीन इंग्रजीत नाम करणारा प्रत्यय 'उंग' किंवा 'इंग' होता आणि 'करणारा, करत असलेला' या अर्थाचा प्रत्यय 'एंडे' असा वेगळा होता. पुढे दोन्ही 'इंग'मध्ये मिसळले. म्हणून 'ही इज स्विमिंग' म्हणजे तो पोहतोय, आणि 'स्विमिंग इज गुड' म्हणजे पोहणं चांगलं. दुसऱ्या वाक्यात काळ दाखवायचं काम 'इज' करतो. 'स्विमिंग' तिथे नुसतं नाम आहे.

शेवटी नोकरीच्या अर्जात हमखास आढळणारी चूक. 'टु'नंतर नेहमी मूळ क्रियापद येतं, असं समजून लोक 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' लिहितात. हा 'टु' इन्फिनिटिव्हचा नाही, शब्दयोगी अव्ययासारखा आहे. ओळखायची खूण सोपी: 'टु'पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टु द मीटिंग' जमतं, म्हणजे क्रियापदही नाम होऊनच यायला हवं. 'आय यूज्ड टु गेट अप अर्ली' म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो. 'आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. इथेही आधी मराठी वाक्य मनात म्हणा, मग इंग्रजी लिहा.

आणि शिरवळच्या कारखान्यात अर्ज पाठवणार असाल, तर शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचा. तिथे 'हिअरिंग' हवं.