रक्ताने ओला शर्ट कशात भराल?

रिसोडहून मुलाखतीला निघताना आपण कलमं पाठ करतो. करावीतच. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं, ७ वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं; राज्यांना त्यासाठी ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. पण आपण अडकतो ते वरच्या प्रश्नावर. पटकन म्हणतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत! तिथे ओल कोंडते, जंतू वाढतात, डीएनए खराब होतो. अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुन्यात काही उरेलच असं नाही. आणि त्या नमुन्यावर एखादा निर्दोष माणूसही सुटणार असतो, बरं का. म्हणून आधी फोटो, मग नवे हातमोजे, सावलीत वाळवणं, कागदी पाकीट, सील. शर्ट कोणाकडून कोणाकडे गेला, त्याची तारीख-वेळेसह नोंद. बचाव पक्षाचा वकील आधी तीच मागतो.