वॉरंटीतल्या गाडीचा बिघाड : तक्रार तोंडी नको, जॉबकार्डवर हवी

आपल्या घरांत नवी गाडी येणे ही आजही मोठी गोष्ट आहे. कुणी आखाती देशात वर्षानुवर्षे राबून साठवलेल्या पैशातून घेतो, कुणी दुकानाच्या किंवा नोकरीच्या कमाईतून पै-पै बाजूला टाकून घेतो. मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते, अम्मी-अब्बांना पहिली चक्कर मारून आणली जाते. आणि मग सात-आठ महिन्यांत कुठूनतरी खडखड सुरू होते, एसी थंड करीत नाही, नाहीतर चालता चालता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

गाडी वर्कशॉपला नेली की ठरलेली वाक्ये ऐकू येतात. "सर, एवढा आवाज नॉर्मल आहे." "सगळ्याच गाड्यांना येतो." "क्लीनिंग करून दिलंय, चालवून बघा." आपण मान डोलावून परत येतो. पुन्हा बिघाड, पुन्हा खेप. असे करता करता वॉरंटी संपते आणि तोच बिघाड आता आपल्या खिशातून दुरुस्त करायचा असतो.

वॉरंटी ही शोरूमवाल्यांची मेहरबानी नव्हे. गाडीच्या किमतीतच तिचे पैसे आपण भरलेले असतात. हा हक्क मिळवायचा तर आवाज चढवावा लागत नाही, कागद तयार करावा लागतो. तो कसा करायचा, हे या लेखात पाहू.

वॉरंटी कोण देते आणि पैसे कोण भरते?

वॉरंटी गाडी बनवणारी कंपनी देते, शोरूम नव्हे. म्हणून गाडी मुंब्र्याजवळच्या शोरूममधून घेतली आणि ईदला गावी गेल्यावर महाड-चिपळूणकडे बंद पडली, तरी त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये वॉरंटीचे काम होते. "गाडी जिथून घेतली तिथेच न्या" असे कुणी म्हटले तर नम्रपणे सांगा, की वॉरंटी कंपनीची आहे.

वॉरंटीत भाग बदलला की वर्कशॉप त्याचा दावा कंपनीकडे पाठवते. भागाची किंमत आणि मजुरी कंपनीकडून वर्कशॉपला मिळते. त्यासाठी बिघाडाची नोंद, तपासणीचा निष्कर्ष आणि काढलेला जुना भाग दाखवावा लागतो. दावा नामंजूर झाला तर भुर्दंड वर्कशॉपवर पडतो. म्हणून बिघाड स्पष्ट दिसला नाही की समोरचा सर्व्हिस अॅडव्हायझर मागे-पुढे करतो. तो आपला दुश्मन नसतो. त्याला कंपनीला दाखवायला पुरावा हवा असतो. तो पुरावा आपण दिला तर त्याचेही काम सोपे होते.

काय बसते, काय बसत नाही

वॉरंटीची मुदत वर्षे आणि किलोमीटर अशी दोन्हींत दिलेली असते आणि बहुतेक ठिकाणी जे आधी पूर्ण होईल ते धरले जाते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून दिलेल्या नव्या गाड्यांना ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर अशी मुदत केली. त्याआधी ती २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर होती. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गाड्यांना वेगळी मुदत असू शकते. आपल्या गाडीची मुदत गाडीसोबत मिळालेल्या वॉरंटी पुस्तिकेत पाहा आणि ती ज्या दिवशी गाडी ताब्यात आली त्या दिवसापासून मोजा.

कारखान्यातून आलेला दोष वॉरंटीत बसतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, वायरिंग, सेन्सर यांत आपोआप निर्माण झालेला बिघाड हा त्याचाच प्रकार.

वापरून झिजणारे भाग सहसा बसत नाहीत : ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर, बल्ब, फ्यूज, फिल्टर, ऑइल. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा ते बनवणाऱ्या कंपन्यांची असते; तिचे कार्ड वेगळे सांभाळावे लागते. अपघात, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात घातल्याने बंद पडलेले इंजिन हे वॉरंटीत येत नाही. तिथे विमा पाहावा लागतो. पाण्याने इंजिन बिघडले तर साध्या विम्यातही भरपाई मिळणे अवघड असते. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतलेले असेल तर मार्ग निघतो.

आपल्या हातून वॉरंटी दोन कारणांनी जाते. एक, ठरलेल्या तारखेला किंवा किलोमीटरला अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग न करणे. दोन, बाहेरून वायर कापून जादा लाइट, म्युझिक सिस्टीम किंवा सीएनजी किट बसवणे. पंक्चर काढले, गाडी बाहेर धुतली, याने काही बिघडत नाही. पण वायरिंगला बाहेरचा हात लागला की विजेच्या प्रत्येक बिघाडाचे खापर त्यावर फुटते.

जॉबकार्ड : सगळा खेळ इथे आहे

गाडी आत घेताना अॅडव्हायझर एक कागद किंवा टॅबवर नोंद करतो. तेच जॉबकार्ड. त्यावर तारीख, किलोमीटर आणि ग्राहकाची तक्रार असते. अनेकदा गडबडीत तिथे 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले जाते आणि आपण न वाचता सही करतो.

आमच्या शाळेतल्या एका सहकारी सरांच्या बाबतीत हेच झाले. गाडीचा एसी दुपारी थंड करीत नव्हता. वॉरंटीत असताना ते तीन वेळा वर्कशॉपला गेले, तिन्ही वेळा तोंडी सांगितले. वॉरंटी संपल्यावर महिनाभरात कॉम्प्रेसर गेला. त्यांनी आधीच्या तीन खेपांची आठवण दिली, तेव्हा काउंटरवरून उत्तर आले, "सर, रेकॉर्डला एसीची तक्रारच नाही." कागद काढून पाहिले तर खरेच नव्हती. दोनदा 'जनरल चेकअप' आणि एकदा 'वॉशिंग' एवढेच लिहिले होते. तीन दिवस रजा टाकून केलेल्या खेपा कागदावर शून्य ठरल्या.

म्हणून या गोष्टी पाळा :

१. तक्रार आपल्या शब्दांत, नेमकी लिहून घ्या. 'एसी प्रॉब्लेम' नको. 'दुपारी सिग्नलला गाडी उभी राहिली की एसीतून गरम हवा येते, गाडी धावू लागली की थंड होते' असे हवे. यावरून मेकॅनिकलाही दिशा मिळते.

२. बिघाड कधीमधीच होत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्यात आवाज, डॅशबोर्डवरचा दिवा आणि किलोमीटरचा आकडा दिसू द्या. चालवताना स्वतः शूटिंग करू नका, शेजारच्याला करू द्या.

३. मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. वर्कशॉपच्या आवारात न येणारा आवाज खडबडीत रस्त्यावर किंवा चढावर येतो.

४. दिवा लागला असेल तर स्कॅनरवर कोणता कोड आला ते विचारा आणि जॉबकार्डवर लिहायला सांगा. कोड पुसून गाडी परत दिली, तर नोंदही पुसली जाते.

५. जॉबकार्डची प्रत आणि गाडी परत घेतानाचे बिल, शून्य रुपयांचे असले तरी, मागून घ्या. काय तपासले, काय बदलले ते त्यावर असते.

६. गाडी चालवून पाहिल्याशिवाय 'काम समाधानकारक' असल्याची सही करू नका. नंतर फोन येतो, "दहापैकी दहा द्या ना सर." बिचाऱ्याच्या नोकरीचा विचार करून आपण देतो. बिघाड तसाच असेल तर तसे सांगा. तुमचा दहाचा आकडाही नोंदच असते, फक्त ती तुमच्या विरोधातली.

'वॉरंटीत बसत नाही' असे म्हटले तर

वाद घालू नका. एवढेच म्हणा, "ठीक आहे साहेब, कोणत्या कारणाने बसत नाही ते जॉबकार्डवर लिहून द्या." हे वाक्य म्हणताच बऱ्याचदा अॅडव्हायझर वरिष्ठांना विचारायला आत जातो. लेखी कारण मिळाले तर ते वॉरंटी पुस्तिकेतल्या अटींशी ताडून पाहता येते.

तरी काम झाले नाही तर पायरीपायरीने वर जा. आधी वर्कशॉपचा मॅनेजर. मग कंपनीचे कस्टमर केअर. तिथे ईमेल करा, जॉबकार्डांचे फोटो जोडा आणि तक्रार क्रमांक घ्या. कंपनीचा त्या भागाचा सर्व्हिस अधिकारी गाडी तपासू शकतो, तशी मागणी करा. वॉरंटी नुकतीच संपलेली असेल आणि सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेले असेल, तर काही कंपन्या सद्भावना म्हणून खर्चाचा काही भाग उचलतात. हा हक्क नसतो, पण मागितल्याशिवाय तो मिळतही नाही.

एक वेगळी गोष्ट म्हणजे रिकॉल. एखाद्या मॉडेलच्या अनेक गाड्यांत एकच दोष आढळला तर कंपनी त्या परत बोलावून मोफत दुरुस्त करते. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सिआझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या मॉडेल्सच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी बोलावल्या होत्या. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर रिकॉलची चिठ्ठी जुन्या मालकाकडे गेलेली असू शकते. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून स्वतः पाहा. उरलेली मूळ वॉरंटीही सहसा गाडीसोबत येते. वाढीव वॉरंटी मात्र आपल्या नावावर करून घ्यावी लागते.

ग्राहक आयोगाचा दरवाजा

कंपनीने ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपुढे ठेवून समेटाचा प्रयत्न करते. अनेक प्रकरणे तिथेच मिटतात.

न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या बाबी अशा :

तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचे मुख्यालय दिल्लीला असले तरी आपल्याला तिकडे जावे लागत नाही.

५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात, म्हणजे आपल्या बहुतेक सगळ्या गाड्या. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये.

वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते. 'बघू, करू' म्हणत हेलपाटे घालण्यात ही मुदत निघून जाते.

गाडी मालकाच्या परवानगीने वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे. आपल्याकडे नवरा दुबई-कतारला, गाडी त्याच्या नावावर आणि रोज चालवते बायको किंवा धाकटा भाऊ, असे कितीतरी घरांत आहे. "मालकालाच आणा" म्हणून कुणी परत पाठवले तर ही तरतूद लक्षात ठेवा. मालकाचे एक अधिकारपत्र जवळ असले की आणखी सोपे. तसेच स्वतःच्या पोटापाण्यासाठी टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाराही ग्राहक आहे. व्यापारासाठी गाड्यांचा ताफा ठेवणारा मात्र नाही.

अपेक्षा योग्य ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल, तर अख्खी गाडी बदलून द्या असा आदेश टिकत नाही. दोष मुळातला आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे सिद्ध झाले तर गाडी बदलणे किंवा पैसे परत देणे असे आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तज्ज्ञही पहिल्यांदा जॉबकार्डेच पाहतो.

तक्रारीत शोरूम आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका प्रकरणात शोरूमने जुने मॉडेल नवे म्हणून विकले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, की कंपनीला त्याची माहिती होती हे सिद्ध न झाल्याने तिला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे फसवणूक शोरूमची असेल तर उत्तर शोरूमने द्यायचे आणि दोष बनावटीतला असेल तर कंपनीने. कोण कशाला जबाबदार हे आयोग ठरवेल. आपण कुणाला बाहेर ठेवू नये.

आजच करण्याचे काम

एक साधी फाइल घ्या. त्यात खरेदीचे बिल, वॉरंटी पुस्तिका, प्रत्येक जॉबकार्ड, प्रत्येक बिल आणि पाठवलेले ईमेल तारखेप्रमाणे लावा. मोबाइलमध्येही फोटो ठेवा, कारण वर्कशॉपच्या छापील कागदाची शाई काही महिन्यांत उडते. घरात गाडी कुणीही वर्कशॉपला नेत असो, मुलगा, सून की चाचा, फाइल कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असू द्या.

आणि वॉरंटी संपायला दोन महिने राहिले की तारीख बघून एकदा गाडी पूर्ण तपासून घ्या. बारीकसारीक जो आवाज, जो गळका भाग, जो अडखळता गिअर मनात सलत असेल, तो त्या दिवशी जॉबकार्डवर आलाच पाहिजे. मुदतीत लिहिलेली तक्रार मुदतीनंतरही आपल्या बाजूने उभी राहते. न लिहिलेल्या तक्रारीचे बिल मात्र आपल्यालाच भरावे लागते.