गाणं बंद, आवाज शून्यावर, तरी अ‍ॅम्प्लिफायर गरम का?

मागच्या रविवारी मैत्रिणीच्या बाबांचा फोन आला. काकांनी सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर घेतलाय. कुणीतरी हौसेने घरी जोडलेला, जॉन लिन्स्ले हूड यांच्या १९६९ च्या सर्किटवरचा. "अगं, गाणं लावलेलं नाही, आवाज शून्यावर, तरी वर हात ठेववत नाही. ही म्हणते, आग लागेल, परत करा."

माझी पीएचडी सेमीकंडक्टरमध्ये आहे, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नाही. घरच्यांच्या लेखी दोन्ही एकच. पण हा प्रश्न खरंच ट्रान्झिस्टरचाच आहे.

ध्वनीचा सिग्नल शून्याच्या वर-खाली हलतो. ट्रान्झिस्टरमधून प्रवाह मात्र एकाच दिशेने जातो. मग खालची बाजू कशी दाखवायची? एक उपाय म्हणजे आधीच भरपूर प्रवाह वाहता ठेवायचा आणि तोच कमी-जास्त करायचा. हा झाला क्लास ए. सिग्नल नसला तरी प्रवाह चालूच. काकांच्या सर्किटमध्ये ८ ओहमच्या स्पीकरसाठी साधारण २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, म्हणजे एका चॅनलला ३२ वॅट. दोन चॅनल मिळून जुना ६० वॅटचा बल्ब अखंड पेटलेला! गंमत म्हणजे पूर्ण आवाजात यातले १० वॅट स्पीकरकडे जातात आणि उष्णता २२ वरच येते. म्हणजे हे यंत्र गप्प असतानाच सर्वांत जास्त तापतं.

एवढी वीज जाळायची कशाला? क्लास बी मध्ये दोन ट्रान्झिस्टर अर्धं-अर्धं काम वाटून घेतात आणि रिकामे असताना दोघंही बंद. पण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही, त्यामुळे शून्याजवळ एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सिग्नलला खाच पडते. सिग्नल लहान झाला तरी खाच तेवढीच राहते, म्हणून ती मोठ्या आवाजापेक्षा हळू आलापात जास्त खुपते. घरातले बरेचसे अ‍ॅम्प्लिफायर मधला मार्ग घेतात, क्लास एबी: थोडा प्रवाह कायम, म्हणून नुसते कोमट. चांगल्या एबी आणि ए मधला फरक माझ्या कानांना कळत नाही. हे काकांना सांगितलं नाही.

मग काकूंची भीती खोटी का? अगदीच नाही. ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट कमी दाबावर तेवढाच प्रवाह देतो. दाब तसाच ठेवला तर प्रवाह वाढतो, उष्णता वाढते, पुन्हा प्रवाह वाढतो, शेवटी ट्रान्झिस्टर जळतो. नीट आखलेलं सर्किट हे आवरतं, पण उष्णता बाहेर जायला वाट हवीच. समजा हीटसिंक दर वॅटला १ अंशाने तापतो. मग २५ अंशांच्या खोलीत ३२ वॅटला तो ५७ वर जाईल आणि मे महिन्यात ३८ अंशांत थेट ७० वर. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तर दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं.

"काका, ठेवलाय कुठे?"

"शोकेसमध्ये. काचेआड. वर हिने क्रोशाचा रुमाल घातलाय."

आता तो खिडकीजवळच्या टेबलावर आहे, चारही बाजूंनी मोकळा आणि रुमालाविना. ऐकून झालं की स्विच बंद करायचा, आणि एक बाजू दुसरीपेक्षा फारच तापली किंवा जळका वास आला तर लगेच दुरुस्तीला न्यायचा, असं ठरलंय. शोकेसमधली रिकामी जागा मात्र काकूंना अजून खटकते.