समाजमाध्यमांवर राज्याला कर लावता येईल का?

समाजमाध्यमे वापरणाऱ्याला फुकट मिळतात. कंपन्यांचे उत्पन्न येते ते मुख्यतः जाहिरातींतून. जाहिरात पाहणारा एका राज्यात आणि कंपनी दुसऱ्याच देशात, असे असताना त्या उत्पन्नावर कर कोणी घ्यायचा? अमेरिकेत या प्रश्नाला पहिल्यांदा कायद्याने उत्तर दिले ते मेरीलँड या छोट्या राज्याने.

गव्हर्नर लॅरी होगन यांचा नकाराधिकार डावलून तेथील विधिमंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल जाहिरातींवर कर बसवला. जागतिक वार्षिक उलाढाल किमान १० कोटी डॉलर आणि राज्यातील डिजिटल जाहिरातींचे उत्पन्न किमान १० लाख डॉलर असलेल्या कंपन्यांनाच तो लागू होतो. दर उलाढालीनुसार अडीच ते दहा टक्के. आकारणी मात्र राज्यातील जाहिरात-उत्पन्नावरच. हा निधी शालेय शिक्षणासाठी आहे.

छापील जाहिरातींना हा कर नाही, मग ऑनलाइन जाहिरातींनाच का, असा आक्षेप घेत कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याहून कळीचा प्रश्न भार कोणावर, हा आहे. कराची रक्कम ग्राहकाच्या बिलात स्वतंत्रपणे दाखवण्यास कायद्याने बंदी केली होती. ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते, असा निर्णय संघीय अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. त्यामुळे मोठ्या कंपनीवरचा कर छोट्या जाहिरातदाराच्या बिलात उतरण्याची वाट मोकळी झाली.

आपल्याकडे केंद्राने १ जून २०१६ पासून परदेशी कंपन्यांना मिळणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या मोबदल्यावर सहा टक्के समानीकरण शुल्क लावले होते. १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले.

मग गोव्याला मेरीलँडची वाट धरता येईल का? तूर्त नाही. राज्यसूचीतील ५५व्या नोंदीनुसार वृत्तपत्रे, आकाशवाणी व दूरचित्रवाणी वगळता अन्य जाहिरातींवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना होता. २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीने ती नोंद वगळली आणि हा विषय वस्तू व सेवा करात सामावला. हा कर जाहिरातदाराकडून वसूल होतो. कंपनीच्या नफ्याला त्याची थेट झळ बसत नाही.

म्हणूनच म्हापशातील दुकानदार समाजमाध्यमावर जाहिरात देतो, तेव्हा त्या व्यवहारावर स्वतंत्र कर बसवणे राज्याच्या हाती नाही. बदल हवा असेल, तर राज्याला आपले म्हणणे वस्तू व सेवा कर परिषदेत आणि संसदेपुढेच मांडावे लागेल. ते मांडतानाही मेरीलँडचा अनुभव विसरून चालणार नाही: कर कोणावर लावला यापेक्षा शेवटी तो कोण भरतो, हे महत्त्वाचे.