गर्भ रुजण्याआधीची निवड

टेस्ट ट्यूब बेबी उपचारात प्रयोगशाळेतला भ्रूण पाच-सहा दिवसांचा झाला की त्याच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी तपासणीसाठी काढतात. गुणसूत्रांतले दोष शोधणं हा हेतू. पण एक्स-वाय जोडीही त्यात दिसतेच. म्हणजे मुलगा की मुलगी, हे गर्भाशयात रुजण्याआधीच कळू शकतं. भारतात त्यावरून भ्रूण निवडणं गुन्हा आहे. गर्भलिंग निदानावर बंदी घालणाऱ्या 1994च्या कायद्यात 2003पासून गर्भधारणेपूर्वीची निवडही आली. दोन मुली असलेल्या दांपत्याने ‘आता मुलगा हवा’ म्हणून या बंदीला आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये ते फेटाळलं. योग्यच केलं. हिमोफिलियासारखा लिंगाशी निगडित आजार घराण्यात असेल, तर तपासणीची वाट कायद्याने खुली ठेवली आहे.