मोठा मणी, फिकी वाइन

पारगावच्या एका बागायतदार वाचकाने विचारलं आहे: 'आमचं जंबो द्राक्ष काळंभोर आणि गोड. मग त्याची रेड वाइन का करत नाहीत?'

जंबोचा मणी चिरून पाहा. आतला गर हिरवट असतो. काळा रंग सगळा सालीत, म्हणून रेड वाइनचा रस सालीसकट आंबवतात. कॅबरने सॉविन्यॉ या वाइनच्या द्राक्षाचा मणी जेमतेम सेंटीमीटरभर. जंबोचा व्यास त्याच्या दुप्पट. व्यास दुप्पट झाला की साल चौपट होते, रस मात्र आठपट. म्हणजे ज्या फुगवणीसाठी आपण जीएमध्ये (जिबरेलिक आम्लात) घड बुडवतो, तीच वाइनचा रंग पातळ करते. त्यात जंबोला बी नाही, म्हणजे बियांतून येणारा तुरटपणाही गेला.

मण्याइतकाच फरक हवामानाचा. फ्रान्समधला वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, वर डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. मणी पिकतात ते थंडीच्या रात्रींत, आणि आंबटपणा टिकतो तो त्या रात्रींमुळेच. मार्चच्या उन्हात मॅलिक आम्ल भराभर घटतं. शामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकात नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन उभी केली, ती याच हवामानात.

आता वासाचं. बाटलीवरच्या 'चॉकलेट, चामडं, जांभूळ' या यादीकडे मी संशयानेच पाहतो. शिराझ द्राक्षाच्या वाइनमधली मिरी मात्र खरी. मिरीचा तो वास देणारा रोटंडोन हा रेणूच शिराझमध्ये असतो. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये तो पकडला. (काही जणांच्या नाकाला तो लागतच नाही, तेव्हा पाहुण्यांशी वाद घालू नये.)

तरी मला खरा रस आहे तो मुळांत. तुमची बाग बहुधा डॉगरीजच्या खुंटावर असेल. हा खुंट टेक्सासच्या रानवेलींतून निवडला अमेरिकन द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी. मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा वाळत होत्या आणि आधी नेलेले अमेरिकन खुंट तिथल्या चुनखडीत तग धरत नव्हते, तेव्हा 1887 मध्ये फ्रान्सहून आलेले शास्त्रज्ञ पिएर व्हियाला यांना टेक्सासच्या चुनखडीवर वाढणारी बर्लांडिएरी वेल दाखवणारेही तेच. फ्रान्सने पुढच्याच वर्षी त्यांचा सन्मान केला. आपल्या द्राक्ष परिसंवादांत मात्र त्यांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

तेव्हा वाइनसाठी शिराझ लावायचीच असेल, तर डॉगरीज फार जोमाचा. पानांच्या गर्दीत घड सावलीत जातात. त्यापेक्षा 110 आर खुंट बरा. त्याचंही एक पालक बर्लांडिएरीच.