संसाराचा वाढता खर्च : महागाई किती, गरजा किती?

पगार वाढला तरी महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, ही मध्यमवर्गीय कुटुंबांची नित्याची तक्रार आहे. तिचा सारा दोष महागाईच्या माथी मारला जातो. वस्तुतः संसाराचा खर्च दोन निरनिराळ्या कारणांनी वाढतो आणि त्यांवरील उपायही निरनिराळे आहेत.

पहिले कारण भाववाढ. तीच वस्तू तेवढ्याच प्रमाणात घेण्यास अधिक पैसे मोजावे लागणे, म्हणजे भाववाढ होय. ती ग्राहक किंमत निर्देशांकाने मोजतात. ठराविक वस्तू व सेवांची यादी करून पायाभूत वर्षातील त्यांची किंमत १०० धरली जाते व पुढील किमतींची तिच्याशी तुलना होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांसाठीच्या अशाच निर्देशांकावरून ठरतो. भाववाढ दरसाल ६ टक्के राहिली, तर सुमारे १२ वर्षांत तोच खर्च दुप्पट होतो.

दुसरे कारण असे की, घरची यादीच लांबत जाते. राष्ट्रीय पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० साली सुमारे ४८ टक्के होता. २०२२-२३ साली तो सुमारे ३९ टक्क्यांवर आला. ग्रामीण भागातही तो ५९ वरून ४६ टक्क्यांवर उतरला. याचा अर्थ अन्न स्वस्त झाले असा नव्हे; शिक्षण, औषधोपचार, प्रवास, दूरध्वनी, घरगुती उपकरणे यांचा वाटा वाढला. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ सालीच मांडला होता.

ही सारी वाढ चैनीची नसते. परसातील भाजी, घरच्या माडाचा नारळ, रानातील सरपण यांना पूर्वी श्रम पडत, रोकड लागत नसे. आता त्यांसाठी बाजार गाठावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांनी सांभाळलेल्या मुलांसाठी आज पाळणाघराचे शुल्क भरावे लागते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाचा मासिक खर्च ३०,००० रुपये आहे. ६ टक्के भाववाढीने तो ३१,८०० होईल. त्यातच स्कूटरचा २,५०० रुपयांचा हप्ता व शिकवणीचे १,५०० रुपये आले, की तो ३५,८०० होतो. एकूण वाढ ५,८०० रुपयांची. पैकी भाववाढीची केवळ १,८००. महागाई भत्त्याचा हिशेब भाववाढीपुरताच असतो. उरलेले ४,००० रुपये कुटुंबालाच उभे करावे लागतात. ज्यांना असा भत्ता मिळत नाही, त्या छोट्या दुकानदारांवर व खासगी नोकरांवर तर दोन्ही भार पडतात.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने जमाखर्चाच्या वहीत दोन रकाने ठेवावेत : जुन्याच वस्तूंना लागलेले जादा पैसे आणि नव्याने सुरू झालेला खर्च. पहिल्यावर काटकसर व वेळच्या वेळी खरेदी हा उपाय आहे. दुसऱ्यातील प्रत्येक बाब घरातील सर्वांनी मिळून, हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी पारखून घ्यावी. कर्ज काढून चालविलेली राहणी पुढील वर्षांची मिळकत आजच खाऊन टाकते, हे विसरता कामा नये.